अंगणवाडीतले पाच हजार वेगळे आणि बाळंतपणाची पगारी रजा वेगळी

आमच्या बेळगाव भागात, शहापूर-वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत, कामाला जाणाऱ्या कुठल्याही बाळंतिणीला विचारा की रजेचे पैसे मिळाले काय, तर बऱ्याचदा उत्तर येतंय, "मिळालेत की, अंगणवाडीच्या बाईंनी फॉर्म भरून घेतलाय, पाच हजार." पण ते रजेचे पैसे नव्हेत, आणि या एका गैरसमजामुळं कितीतरी बायका आपल्या हक्काचे महिने सोडून देतात म्हणून लिहितोय.

ते पाच हजार म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना, 2017 पासूनची. पहिल्या बाळाला 5,000, दुसरी मुलगी झाली तर 6,000, थेट आईच्या खात्यात. बाई नोकरी करणारी असलीच पाहिजे असं नाही, शेतात जाणारी, घरी बसणारी, योजनेच्या अटीत बसली की झालं. चांगली योजना आहे, अटीत बसत असेल तर घ्यायलाच पाहिजे. पण त्यात सुट्टी नाही, आणि परत गेल्यावर जागा शाबूत असेल याची हमी तर अजिबात नाही.

पगारी रजा हा कायदा आहे, 1961 पासूनचा, 2017 मध्ये 12 आठवड्यांची 26 झाली, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण तेच 26 आहेत. 10 किंवा जास्त माणसं कामाला असलेली जागा, आणि आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन बाळांना 26 आठवडे, दोन मुलं असताना पुढच्याला 12. 26 मधले 8 आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. हिशोब करून बघा, रोज 500 पडत असतील तर 182 दिवसांचे 91,000 होतात, कुठं पाच हजार आणि कुठं हे! आणि कायदा केंद्राचा, त्यामुळं नोकरी इथं कर्नाटकात उद्यमबागेत आणि माहेर महाराष्ट्रात चंदगडला असलं, बाळंतपण तिकडं झालं तरी हक्क तोच.

पैसे कोण देतंय हे पण बघा. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, पगारातनं कापली जात असेल (पगार 21,000 पर्यंत असणाऱ्यांचा कापतात) तर पैसे ईएसआय महामंडळ देतंय, मालकाच्या खिशातनं जात नाहीत. ईएसआय नसेल तर सगळा भार त्या एका मालकावर, आणि मग तो नवं लग्न झालेली मुलगी घ्यायलाच कचरतो, हे चूकच आहे पण घडतंय. म्हणून माझं म्हणणं, हा खर्च सगळीकडं वर्गणीतनंच जायला पाहिजे. वडगावात घरात दोन-चार मागांवर काम करणाऱ्या बाईला तर 10 माणसांच्या अटीमुळं ही रजाच नाही, तिला फक्त योजना, आणि तिथं पाच हजारात सहा महिने कसे काढायचे सांगा.

आणि बापाचं काय? पोस्टात, रेल्वेत केंद्र सरकारी नोकरी असेल तर 15 दिवस पगारी मिळतात, बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यायचे. खाजगी फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये मात्र कायद्यानं एक दिवस पण नाही, मालकानं दिली तर दिली. सिझर झालेली बाई आठवडाभर नीट उठू शकत नाही, रात्री बाळ कोण घेणार, दवाखान्यात कोण पळणार, सासू किंवा आई प्रत्येकीला असतीच असं नाही. बापाला पण पगारी रजा असली तर बाळंतपण म्हणजे फक्त बाईमुळं होणारं नुकसान असं मालकाला वाटणं कमी होईल, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी असं मला मनापासून वाटतंय.

तर दिवस गेल्याचं कळलं की अंगणवाडीत नाव घालाच, पण त्याच आठवड्यात पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापलाय काय ते बघा, आणि ऑफिसात रजेची नोटीस लेखी द्या, एक झेरॉक्स सही-शिक्का घेऊन आपल्याकडं ठेवा. कायद्यानं रजा मिळणाऱ्या बाईला योजनेचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा फॉर्म भरताना नोकरी आहे ते अंगणवाडीत आधीच सांगा.