मुंग्या नेमक्या कशाच्या?

डॉक्टर नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) हातावर आपटतात आणि त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. थरथर कधी थांबली ते आपण डोळे मिटून सांगायचं. आपण म्हणतो, "थांबली." पण काटा धरलेल्या डॉक्टरांच्या बोटांना ती अजून जाणवत असते. पायाच्या नसांची जाणीव कमी झाली आहे, एवढं या साध्या तपासणीतून कळतं. मधुमेह दहा-बारा वर्षांचा जुना असला की पुढे फारसं कुणी विचारत नाही. शुगरमुळेच असणार, असं धरून चालतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी पाय असेच बधिर होतात, अशाच मुंग्या येतात, रात्री तळव्यांची अशीच आग होते. नादकाट्याला त्यातला फरक कळत नाही. तो रक्ताच्या तपासणीतून कळतो, आणि नेमकी तीच राहून जाते.

मधुमेहींनी व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का, हा प्रश्न मला इथून सुरू करावासा वाटतो. कारण मधुमेहात ज्या एका जीवनसत्त्वावर खरोखर नजर ठेवायला हवी, ते हेच. आणि ते कमी होण्यामागे अनेकदा मधुमेहाचंच औषध असतं.

मेटफॉर्मिन हे औषध स्वस्त, जुनं आणि भरवशाचं आहे. ब-१२ शरीरात शिरण्याची वाट मात्र लांबची आहे. जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि ही जोडी लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाते. तिथल्या पेशी कॅल्शियमच्या मदतीने तिला आत घेतात. मेटफॉर्मिन या शेवटच्या टप्प्यात अडथळा आणतं, असं मानलं जातं. यकृतात ब-१२चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे आज गोळी सुरू केली म्हणून उद्या काही बिघडत नाही. साठा हळूहळू उतरतो आणि त्रास सुरू होतो तेव्हा या औषधाची आठवणही कुणाला होत नाही. नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सव्वाचार वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्यांच्या रक्तातलं ब-१२ नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घटलेलं होतं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका अधिक. शाकाहारी असाल, वय झालेलं असेल किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर तो आणखी वाढतो. हे वाचून मेटफॉर्मिन बंद करू नका, ही कळकळीची विनंती. कमतरता भरून काढता येते आणि औषध चालू ठेवता येतं.

आता उरलेल्या जीवनसत्त्वांकडे वळू. 'ड' जीवनसत्त्वावर मोठी भिस्त होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली. निम्म्यांना रोज ४,००० युनिट्स दिली, निम्म्यांना दिखाऊ गोळी. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा पहिल्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला होता, दुसऱ्या गटात ३२३ जणांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. हाडांसाठी 'ड' हवंच आणि कमी असेल तर जरूर घ्यावं, पण शुगर उतरेल या आशेवर घेऊ नये. 'ई' जीवनसत्त्वाने हृदयविकार टळेल ही आशाही मोठ्या चाचण्यांत फोल ठरली.

"फायदा नाही झाला तर नाही, नुकसान तर नाही ना?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतं. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडू लागलेल्या २३८ रुग्णांना कॅनडात एक चाचणी म्हणून फॉलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ मोठ्या प्रमाणात दिलं गेलं. मूत्रपिंड वाचेल असा अंदाज होता. २०१० मध्ये निष्कर्ष आले ते उलटे. जीवनसत्त्वं घेणाऱ्यांची मूत्रपिंडं अधिक वेगाने खालावली होती, आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनाही त्यांच्यातच जास्त होत्या.

ब-६चं तर वेगळंच. मुंग्या येतात म्हणून आपण ताकदीच्या गोळ्या आणतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा भिंगाखाली धरा आणि 'पायरिडॉक्सिन' या शब्दापुढचा आकडा बघा. हेच ते ब-६. मोठ्या माणसाला दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं. मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर ब-६ स्वतःच नसांना इजा करतं आणि पायांना मुंग्या येऊ लागतात! त्या वाढल्या म्हणून माणूस गोळ्या वाढवतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये याची सुरक्षित मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. दोन वेगवेगळ्या पाकिटांत ब-६ असेल तर बेरीज करायला विसरू नका.

आणखी एक, फारसं न सांगितलं जाणारं. 'क' जीवनसत्त्वाचा मोठा डोस काही ग्लुकोमीटरना आणि दंडावर लावायच्या काही सेन्सरना फसवतो. शुगर असते त्यापेक्षा जास्त दिसते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात याची सूचना आहे का, ते बघून ठेवा.

पुन्हा ब-१२कडे येते. कमतरता निघाली तर दर वेळी इंजेक्शनच लागतं असं नाही. नेहमीची वाट अडली असली तरी तोंडाने घेतलेल्या मोठ्या डोसमधला साधारण एक टक्का आतड्यातून आपसूक झिरपतो. १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे दहा मायक्रोग्रॅम मिळतात आणि रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आत आहे. त्रास जास्त असेल तर मात्र डॉक्टर इंजेक्शनपासूनच सुरुवात करतात. रक्तातला आकडा लवकर सुधारतो, नसांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला तर थोडा बधिरपणा कायमचा राहतो.

मेटफॉर्मिन काही वर्षं चालू असेल, तर पुढच्या एचबीए१सीच्या (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीच्या) चिठ्ठीवर ब-१२ही लिहून द्यायला सांगा. ब-१२ची गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासायला द्या. गोळ्या घेऊन मग तपासलं, तर आकडा वर गेलेला दिसतो आणि मुंग्या कशाच्या होत्या ते कळायची संधी हातची जाते.