ओढ्यावरच्या विजेसाठी जनित्र निवडताना

वर्षाचे तास होतात ८,७६०. घराजवळच्या ओढ्यावर बसवलेले जनित्र यातले जवळजवळ सगळे तास फिरत असते. त्याला रात्र नाही आणि सुट्टीही नाही. आता मोटारगाडीचा हिशेब करा. २ लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला, तर तिचे इंजिन आयुष्यभरात चालले ५,००० तास. म्हणजे गाडीतल्या आल्टरनेटरला, तिची बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, जन्मभर पुरणारे काम ओढ्यावर सात महिन्यांत उरकते. घरगुती जलविद्युत संचासाठी जनित्र निवडताना आधी हे आकडे समोर ठेवावेत, कार्यक्षमतेचे तक्ते नंतर.

कार्यक्षमता बिनमहत्त्वाची आहे असे नव्हे. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून येत असेल, तर त्यात जवळपास २ किलोवॉट शक्ती असते. पाइपमधले घर्षण, चाक, जनित्र आणि तारा यांनी आपापला वाटा घेतल्यावर १ किलोवॉट हाती आला तरी काम चांगले झाले म्हणायचे. दिवसाला २४ युनिट झाले की! जनित्र पाच टक्क्यांनी कमी पडले तर पन्नासेक वॉट जातील, आणि पाइप एक माप मोठा घेतला तर तेवढे बहुधा परतही मिळतील. बंद पडलेल्या जनित्राची भरपाई मात्र कुठल्याच पाइपाने होत नाही.

आल्टरनेटरचा मोह का पडतो ते उघड आहे. भंगारात सहज मिळतो, बारा व्होल्टच्या बॅटरीला लगेच जोडता येतो. पण तो उघडून पाहावा. फिरणाऱ्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वीज पोचवायला आत दोन गुळगुळीत कड्या असतात आणि त्यांवर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन ब्रश. ब्रश झिजतात, त्यांची काळी पूड ओलाव्यात मिसळून आसपास साचते, कड्यांवर चर पडतात आणि मग ठिणग्या उडू लागतात. शिवाय चुंबकत्व टिकवायला हे वाइंडिंग तीनेक अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे बारा व्होल्टला ३६ वॉट. संच २०० वॉटचा असेल तर जवळजवळ पाचवा हिस्सा जनित्रानेच गिळला. प्रयोगापुरता आल्टरनेटर ठीक, कायमचा नको.

पर्मनंट मॅग्नेट जनित्रात ही कटकटच नाही. १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि लहान आकारात भरपूर चुंबकत्व मिळू लागले. रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, चुंबक; बाहेर स्टेटर, म्हणजे स्थिर वाइंडिंग. ब्रश नाहीत आणि चुंबकत्वासाठी वीजही खर्च होत नाही. काहीशे वॉट बनवून बॅटरीत साठवायचे असतील तर मी हेच सुचवीन, पण दोन गोष्टी आधी सांगून. या जनित्राचे चुंबकत्व कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे बॅटरीची तार निसटली की वेगाबरोबर व्होल्टेजही चढते आणि बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर जळतो. तेव्हा उरलेली वीज दुसरीकडे जिरवण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. दुसरे म्हणजे साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की आपली ताकद कायमची गमावू लागतात, आणि वरचा मुलामा खरवडला गेला तर गंजतात. बेअरिंग बदलायला असे जनित्र उघडणे हेही धाडसाचेच काम आहे. रोटर हातातून सुटून स्टेटरला जाऊन चिकटतो, आणि मधे बोट असेल तर बोटाची खैर नसते.

घरभर साधी एसी वीज हवी असेल, तर माझे मत जनित्र म्हणून उलट चालवलेल्या साध्या इंडक्शन मोटरला. १८८९मध्ये मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी पिंजऱ्यासारख्या रोटरची तीन फेजची मोटर बनवली. त्या रोटरमध्ये लोखंडाच्या पत्र्यांत बसवलेले दांडे आणि टोकांना कड्या, बस्स. वाइंडिंग, ब्रश, चुंबक यांतले काहीच फिरत नाही. ५० हर्ट्झवर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या मोटरच्या पाटीवर मिनिटाला १,४४० फेरे असे काहीसे लिहिलेले असते. चुंबकीय क्षेत्र १,५००ने फिरते आणि रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. तोच रोटर पाण्याच्या चाकाने १,५६०च्या आसपास ढकलला की मोटर वीज घ्यायची सोडून द्यायला लागते. अट एकच, सुरुवातीला तिला चुंबकत्व मिळाले पाहिजे. ते काम वाइंडिंगला जोडलेले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारे भाग) करतात, लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वाच्या भांडवलावर.

तीन फेजच्या मोटरमधून एक फेज काढण्यासाठी सी-टू-सी (C-2C) ही जोडणी वापरतात. एका वाइंडिंगवर एक कपॅसिटर, दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट क्षमतेचा, आणि घराचा लोड, म्हणजे वीज घेणारी उपकरणे, लहान कपॅसिटरच्या बाजूला. अशा जोडणीत मोटरच्या पाटीवरच्या शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जावे. फिरण्याची दिशा चुकली तर वीज येते, पण वाइंडिंग भलतेच तापते; तेव्हा पहिल्या तासाभरात मोटरच्या अंगाला हात लावून पाहावा. कपॅसिटर सतत चालणाऱ्या मोटरचे घ्यावेत. मोटर फक्त सुरू करून देणारे कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेले असतात, इथे ते फुटतात.

या मोटरचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे तारा एकमेकींना चिकटल्या की तिचे व्होल्टेज आपोआप कोसळते. वाइंडिंग जळत नाही. कधी कधी यात उरलेले चुंबकत्वही निघून जाते आणि चाक फिरत असूनही वीज येत नाही. अशा वेळी चाक थांबवून, कपॅसिटर आणि लोड सोडवून, बॅटरीची दोन टोके वाइंडिंगला क्षणभर लावली की काम होते. उलट परिस्थिती जास्त वाईट. लोड एकदम सुटला की पेल्टन चाक (कडेच्या वाट्यांवर पाण्याची धार बसून फिरणारे चाक) नेहमीच्या जवळजवळ पावणेदोन पट वेगाने पळते आणि व्होल्टेज उसळते. म्हणून लोड कंट्रोलर हवाच. घरात वापर कमी झाला की तो उरलेली वीज पाणी तापवायच्या कॉइलकडे वळवतो आणि वेग जागेवर राहतो.

एवढे केल्यावर झिजणारा भाग उरतो तो बेअरिंग. बॉल बेअरिंगचे आयुष्य त्यावरच्या भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार निम्मा केला तर आयुष्य आठपट होते. ताणून बसवलेला बेल्ट शाफ्टला दिवसरात्र एका बाजूला ओढत असतो, म्हणून शक्यतो बेल्ट टाळावा. ५० मीटर उंचीच्या पाण्याची धार सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने येते आणि पेल्टनच्या वाट्या त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने चालल्या की सर्वांत जास्त शक्ती मिळते. हिशेब केला तर साधारण १८ सेंटिमीटर व्यासाचे चाक चार ध्रुवांच्या मोटरवर थेट बसते. उंची २० मीटर असेल तर सहा ध्रुवांची मोटर घ्यावी. ती १,०००च्या आसपास फिरते आणि चाक जवळपास तेवढ्याच मापाचे लागते.

मोटर पूर्ण बंद अंगाची, आयपी ५५ दर्जाची (धूळ आणि पाण्याच्या धारेपासून बचावाचा दर्जा) असावी आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सीलचे. त्यांना वरून ग्रीस भरायचे नसते. चाक आणि मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर एक रबरी चकती चढवावी, म्हणजे शाफ्टवरून सरकत येणारे पाणी ती बाहेर फेकते. बेअरिंग बहुतेक वेळा या पाण्यानेच मरतात. सर्वांत खालच्या बाजूचे पाणी निथळण्याचे भोक उघडे ठेवावे. दर तीन वर्षांनी, म्हणजे २६,००० तासांनी, आवाजाची वाट न पाहता दोन्ही बेअरिंग बदलून टाकावेत. त्यांचा नंबर मोटर बसवण्याआधीच लिहून घ्यावा, कारण नंतर पाटी बहुधा वाचता येत नाही.