पोटातला टेपवर्म आणि मेंदूतला टेपवर्म: कृमी एकच, आजार दोन

फिट येते, स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसते आणि डॉक्टर 'टेपवर्म'चं नाव घेतात. घरचे चक्रावतात, 'आम्ही तर पक्के शाकाहारी!' मग सगळं खापर कोबीवर फुटतं. या गोंधळाचं मूळ असं की टीनिया सोलियम हा टेपवर्म, म्हणजे फितीसारखा चपटा कृमी, माणसात दोन वाटांनी शिरतो आणि दोन्ही वाटांनी होणारे आजार वेगवेगळे आहेत.

पहिली वाट मांसाची. डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसात कृमीच्या वाटाण्याएवढ्या पुट्या, म्हणजे अळी असलेल्या छोट्या पिशव्या, असतात. अशी पुटी पोटात गेली की आतड्याला चिकटते आणि दोनेक महिन्यांत तिचा पूर्ण वाढलेला टेपवर्म होतो, बहुधा २ ते ७ मीटर लांब. त्रास फारसा नसतो. कधी पोट दुखतं, कधी शौचात पांढरे चपटे तुकडे पडतात. मांस आतपर्यंत नीट शिजवलं की ही वाट बंद.

दुसरी वाट अंड्यांची, आणि खरा धोका इथे आहे. अंडी डुकराच्या मांसात नसतात. ज्याच्या आतड्यात टेपवर्म आहे अशा माणसाच्या शौचातून ती बाहेर पडतात. त्याने हात न धुता स्वयंपाक केला किंवा मैला मिसळलेलं पाणी भाजीला दिलं गेलं, की ती कुणाच्याही पोटात जातात. अंड्यातला सूक्ष्म भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरतो आणि स्नायूंत, डोळ्यात किंवा मेंदूत पुटी करून राहतो. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. पुटी अनेक वर्षं गप्प राहू शकते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि फिट येते. डुकराचं मांस निषिद्ध मानणाऱ्या न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू कुटुंबांत हे रुग्ण सापडल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. संसर्गाचा माग घरकामाला असलेल्या व्यक्तींपर्यंत पोचला.

कोबीतली हिरवी अळी पतंगाची. तिचा मेंदूशी काही संबंध नाही. पानांना चिकटलेली टेपवर्मची अंडी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ती कोथिंबीर-गाजरावरही असू शकतात. म्हणून कच्ची खायची भाजी पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवल्याने अंडी मरतील यावर विसंबू नका, शिजवल्यावर मरतात.

उपचारही वेगळे. आतड्यातल्या टेपवर्मला प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडचा एक डोस बहुधा पुरतो. मेंदूतल्या पुटीसाठी लागते ती अल्बेंडाझोल ही जंताची गोळी, दररोज वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, साधारण १० ते १४ दिवस. सोबत सूज आवरायला स्टेरॉइड आणि फिटची औषधं. कृपा करून जंताची गोळी स्वतःहून सुरू करू नका. पुटी मरताना सूज वाढते, आणि ती डोळ्यात असली तर दृष्टीवर बेतू शकतं. म्हणून आधी डोळे तपासतात.

मेंदूत पुटी असलेल्या रुग्णाच्या शौचात बऱ्याचदा काहीच सापडत नाही, तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. अंडी टाकणारा टेपवर्म दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात असू शकतो. नमुने तीन वेगवेगळ्या दिवसांचे द्या, कारण अंडी रोज दिसतीलच असं नाही.