'परवडत नाही' आणि 'शक्य नाही' : करारभंगाच्या कायद्याची पार्श्वभूमी

निफाड तालुक्यात माझ्या मामांची दोन एकर द्राक्षबाग आहे. एका फेब्रुवारीत व्यापारी बागेत आला, दोन-चार घड हातात घेऊन पाहिले, मणी चाखले आणि जागेवर सौदा केला. वहीच्या पानावर किलोला ४२ रुपये दर, काढणीची तारीख, विसार ११ हजार आणि खाली दोघांच्या सह्या. काढणीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, बाजार पडलाय. या भावात परवडत नाही, माझाही नाइलाज आहे."

'परवडत नाही' आणि 'नाइलाज आहे' हे दोन्ही त्याने एका दमात सांगून टाकले. कायद्याच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करायला न्यायालयांना तीनशे वर्षे लागली. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांद्याचे सौदे करणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असावा असे मला मनापासून वाटते.

सुरुवात इंग्लंडच्या यादवी युद्धातली आहे. जेन नावाच्या कुळाला राजकुमार रूपर्टच्या सैन्याने जमिनीवरून हुसकावून लावले. जमीनच हातात नव्हती, तर खंड कसा द्यायचा, असे त्याचे म्हणणे. १६४७ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. तू स्वतः करार करून जबाबदारी घेतलीस, अपवाद हवा होता तर करारातच लिहायचा होतास. शब्द म्हणजे शब्द. हा कठोर नियम दोनशे वर्षांहून जास्त टिकला.

त्याला तडा गेला १८६३ मध्ये. लंडनमधले एक संगीतगृह चार दिवसांच्या जलशांसाठी भाड्याने ठरले होते आणि कार्यक्रमाआधीच ते जळून खाक झाले. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न म्हणाले, विशिष्ट वस्तू शाबूत राहील हे दोघांनीही मनात धरूनच करार केला होता. ती वस्तूच कुणाच्याही चुकीविना नष्ट झाली, तर दोघेही मोकळे.

पुढचा खटला तर आपल्याच शिवारातला वाटावा असा आहे. लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याने मार्च १८७२ मध्ये स्वतःच्या ठरावीक जमिनीत पिकणारे २०० टन बटाटे विकायचे कबूल केले. लागवड पुरेशी केली होती, पण ऑगस्टमध्ये रोग पडला आणि हाती जेमतेम ८० टन आले. ते त्याने दिले. उरलेल्या मालासाठी व्यापारी कोर्टात गेला आणि १८७६ मध्ये हरला. सौदा 'त्या जमिनीतल्या' बटाट्यांचा होता, नुसता २०० टनांचा नव्हता. निकाल या एका तपशिलावर फिरला. आपल्याकडे गारपिटीत बाग झोपते तेव्हाही पहिला प्रश्न हाच असतो : पावतीवर गट नंबर आणि बाग लिहिली आहे, की फक्त 'द्राक्षे, अमुक क्विंटल'? बाग लिहिली असेल तर शेतकरी सुटतो, घेतलेला विसार मात्र त्याला परत करावा लागतो. नुसते क्विंटल लिहिले असतील तर 'माल दुसरीकडून आणून दे' असे त्याला ऐकवता येते.

आता आपल्याकडे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नाशिक इंग्रजांच्या ताब्यात आले. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने ठरवले की लिखित कायदा नसेल तिथे त्या मुलखाची वहिवाट पाहायची, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय (म्हणजे रास्तपणा) व सद्‌विवेक. म्हणजे सौद्याच्या भांडणात पेठेची रीत हाच बराचसा कायदा होता. अहमदनगरपासून वेगळा होऊन नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये, आणि तीनच वर्षांनी, १ सप्टेंबर १८७२ ला, भारतीय करार अधिनियम लागू झाला. तोच कायदा आजही चालू आहे.

त्यातले कलम ३७ साधे आहे : कबूल केलेले पार पाडा किंवा पार पाडायची तयारी दाखवा, कायद्यानेच माफी दिली असेल तर गोष्ट वेगळी. कलम ३९ मामांच्या फोनला लागू पडते. एका पक्षाने करार पुरा करायला साफ नकार दिला, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. यामागे १८५३ चा एक इंग्रजी निकाल आहे. १ जूनपासून नोकरीवर ठेवलेल्या माणसाला मे महिन्यातच 'येऊ नकोस' म्हणून कळवले. त्याने जूनची वाट न पाहता दावा लावला आणि तो टिकला.

माफीचे कलम म्हणजे ५६. करारानंतर एखादी गोष्ट अशक्य किंवा बेकायदा झाली तर करार शून्य होतो, म्हणजे तो कुणावरही बंधनकारक राहत नाही. 'अशक्य' याचा अर्थ किती ताणायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये कलकत्त्याच्या एका प्लॉटच्या प्रकरणात ठरवले. विसार होता १०१ रुपये. महायुद्धात सरकारने जमीन ताब्यात घेतली आणि विकासक कंपनी म्हणाली, करार संपला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. अक्षरशः अशक्य व्हावे लागत नाही, कराराचा पायाच निखळला तरी पुरे. पण इथे पाया निखळलेला नाही. कंपनीने करून द्यायच्या रस्ते-गटारांच्या कामाला मुदतच ठरलेली नव्हती, त्यामुळे कामाला उशीर झाला, एवढेच.

भावाचा प्रश्न १९६० मध्ये आला. लष्कराला तूप पुरवणारे म्हणाले, युद्धामुळे खर्च वाढला, दर वाढवून द्या. न्यायालयाने नाकारले. २०१७ मध्ये मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांनी इंडोनेशियाचा कोळसा महागल्याचे कारण दिले, त्यांनाही तेच उत्तर मिळाले. करार महागात पडला म्हणून तो अशक्य होत नाही.

लासलगावात हे सगळे नेमके कसे लागू होते ते पाहा. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी आली. दुबईच्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा निर्यातदाराचा करार बंदीमुळे बेकायदा झाला, तिथे कलम ५६ चालते. पण त्याच निर्यातदाराने इथल्या शेतकऱ्याशी केलेला खरेदीचा सौदा बेकायदा झालेला नसतो. कांदा आहे, ट्रॅक्टर उभा आहे, फक्त भाव पडला आहे. लिलावात एक भाव आणि खळ्यावर माल रिकामा करताना दुसरा, हाही प्रकार याच जातीचा. ठरलेला भाव बदलायला दोघांची संमती लागते, आणि अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर मान हलवणाऱ्या शेतकऱ्याची संमती किती खरी, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

भरपाईचे मोजमाप १८५४ च्या ग्लॉस्टरमधल्या एका गिरणीच्या खटल्यातून आले. तुटलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली, पण बंद काळातला नफा मालकाला मिळाला नाही. दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे, हे वाहतूकदाराला आधी ठाऊक असते, तरच तो नफा मागता आला असता. कलम ७३ मध्ये तेच तत्त्व आहे. शिवाय नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते केले का, हेही पाहिले जाते. बसून राहून बाग सडवली तर त्याची भरपाई मिळत नाही.

विसाराबद्दल १९६९ चा निकाल महत्त्वाचा आहे. लष्कराला बटाटे आणि अंडी पुरवण्यात कसूर करणाऱ्याच्या १० हजार आणि ८,५०० रुपयांच्या अनामती सरकारने जप्त केल्या होत्या. नुकसान सिद्ध न केल्यामुळे त्या परत कराव्या लागल्या. विसार वाजवी असेल तर तो ठेवून घेणे दंड ठरत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

मामांनी दोन दिवसांत दुसरा व्यापारी गाठला आणि ३३ रुपयांनी माल दिला. १८ टनांवर किलोमागे ९ रुपये, म्हणजे १ लाख ६२ हजार. त्यातून विसाराचे ११ हजार वजा. दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षे. वहीचे ते पान, दुसऱ्या सौद्याची पावती आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या त्यांनी एका पिशवीत बांधून माझ्या हातात दिल्या.