एकांकिकेचं बीज आणि सिटकॉमचं बीज

‘चॅनेलला ऐकवायचा भन्नाट सिटकॉम’ (म्हणजे ठरलेल्या पात्रांची भागाभागांची विनोदी मालिका) म्हणून जे कागद हातात येतात, ती बहुतेक वेळा एकांकिका असते. तीही चांगली असते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

एकांकिका आपल्याकडे कॉलेजातच अंगात भिनते: एक पेच, तो चढतो, फुटतो, पडदा. सिटकॉमचा भाग अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा, सेट दोन-तीन, पात्रं ठरलेली. एवढं कुणीही चटकन शिकतं. घोळ होतो तो पेच सुटण्यापाशी.

समजा, निवृत्त आजोबांना लॉटरी लागते आणि ते घरच्यांपासून लपवतात. सून तिकीट रद्दीत घालते, आजोबा रद्दीवाल्यामागे धावतात. ऐकणारा हसतो. पण घरच्यांना कळलं की खेळ खलास, आणि कळू द्यायचं नसेल तर चौथ्या भागापासून सगळ्या घराला मूर्ख ठरवावं लागतं. हे एकांकिकेचं बीज.

आता तेच आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी करा आणि सुनेला खजिनदार. ते नियमावर बोट ठेवणारे. तिला वाद नको म्हणून प्रत्येकाला ‘हो’ म्हणायची सवय. दोघं एकाच टेबलावर जेवतात. आजोबा टाकी धुण्यासाठी रविवारी पाणी बंदची नोटीस लावतात. सुनेनं त्याच रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या बारशाला होकार दिलेला असतो. टाकी धुतली जाते, बारसंही पार पडतं आणि रात्री दोघं होती तिथेच असतात. भाग संपला, पेच शिल्लक. उद्या गणपतीची वर्गणी, परवा पार्किंग.

२००४ साली स्टार वनवर आलेली ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आठवा. सासू माया आणि सून मोनिषा समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, सुटका दोघींनाही नाही. मायानं मोनिषाला मनापासून आहे तशी स्वीकारली, तर मालिका त्याच दिवशी संपेल. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश सिटकॉमचे १९७५ आणि १९७९ मिळून १२च भाग, पण पाहुण्यांचा तिटकारा असलेला हॉटेलमालक बाराही भाग तसाच राहतो. पात्रं कधीच बदलू नयेत असं नाही. लग्नं होतात, पोरंबाळं होतात. मूळ ताण मात्र जिवंत राहिला पाहिजे.

पात्रपरिचयात ‘विसराळू काका’, ‘तोतरा वॉचमन’ कृपा करून लिहू नका. व्यंग म्हणजे स्वभाव नव्हे, आणि त्यावर हसणं मला मुळातच पटत नाही. काकांना काय हवंय आणि घरातलं कोण आडवं येतंय, ते लिहा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: पायलटची, म्हणजे पहिल्या भागाची, कथा पाच पानं आणि उरलेल्या मालिकेला एक ओळ, ‘पुढे अशाच गमतीजमती’. पायलट नंतर लिहा. आधी एका पानात कोण कुणाशी का अडकलंय ते मांडा, मग दहा भाग दोन-दोन ओळींत. त्यातले सहा भाग बाहेरून आलेल्या पाहुण्यामुळेच घडत असतील, तर घरातली माणसं अजून नीट सापडलेली नाहीत. कागद चॅनेलकडे नेण्याआधी पुन्हा त्यांच्यावरच बसा.