सौदा पावती फाडण्याआधी एकदा इकडे या
(कर्ज न काढता प्लॉट, घर किंवा शेती घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आम्ही खरेदीखतं लिहून त्यांची नोंदणी करून देतो. आमच्याकडे खरेदीखत अडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. सौदा आधीच झालेला असतो, 500 च्या स्टॅम्पवर पावती लिहिलेली असते आणि तीत ‘चार लाख रुपये रोखीने मिळाले’ असं ठळक वाक्य असतं. मग ग्राहक म्हणतात, एवढं तुम्ही जमवून घ्या.

ते जमत नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने 1 जून 2015 पासून मनाई आहे. दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतकाच. चार लाख घेतले तर चार लाख. एकोणीस-एकोणीस हजारांच्या पावत्या करण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण एकाच व्यवहारातली रक्कम एकत्र धरली जाते. सौदा फिसकटला तर परत देतानाही हीच मर्यादा आहे, आणि तिथे दंड परत करणाऱ्याला.

‘दंड विकणाऱ्याला ना, मग आपलं काय जातं?’ असं मिळकत घेणारे विचारतात. समजा पिंप्राळा शिवारातला प्लॉट 18 लाखांना ठरला आणि चार लाख रोख गेले. दंडाचं कळल्यावर विकणारा म्हणतो, खरेदीखतात 14 लाखच लिहा. आता तुमचे चार लाख कुठल्याच कागदावर नाहीत. उद्या वाद झाला तर मागणार कशाच्या जोरावर? पुढे तोच प्लॉट विकाल तेव्हा तुमची खरेदी 14 लाखांचीच धरली जाईल आणि वरच्या चार लाखांवर नफा म्हणून कर तुम्हीच भराल. बरं, मुद्रांक शुल्कही यात वाचेलच असं नाही, कारण करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर ते लागतं.

खरं तेच लिहिलं, म्हणजे ‘रोखीने भरणा पावला’, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा उल्लेख असलेला दस्त नोंदणीला आला, तर दुय्यम निबंधकाने आयकर खात्याला कळवावं. कोर्टात दाव्यात असा रोखीचा दावा केला, तर कोर्टानेही कळवायचं आहे.

‘पैसा मेहनतना शे भाऊ, चोरीना नही,’ हे आम्हाला रोज ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. रावेर-यावलकडची केळी, चोपड्याकडचा कापूस, हातात येतं ते बऱ्याचदा रोखच. पण पैसा कुठून आला हा प्रश्न वेगळा, आणि तो दिला कसा हा वेगळा. देणारा आणि घेणारा दोघांचंही शेतीचं उत्पन्न असेल आणि दोघांपैकी कोणाचंही करपात्र उत्पन्न नसेल, तर वीस हजारांच्या नियमातून सूट आहे. पण समोरच्याचं भाडं, व्याज, दुकान यांची खात्री तुम्ही कशी देणार? या सुटीच्या भरवशावर सौदा करू नका, असंच आम्ही सांगतो.

सोपी वाट अशी. रोख आधी स्वतःच्या खात्यात भरा. वर्षभरात बचत खात्यात 10 लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, म्हणून आडतीच्या हिशेबपट्ट्या जपून ठेवा. त्यातूनच प्रश्नाचं उत्तर निघतं. मग चेक, डीडी किंवा आरटीजीएसने द्या. चेक नंबर किंवा यूटीआर नंबर (बँकेतून पाठवलेल्या रकमेचा क्रमांक) आम्ही भरण्याच्या तपशिलात घालतो. मुहूर्ताचे 1,101 रुपये हातात ठेवायला कोणाचीच हरकत नाही.

रोख देऊन बसलेले असाल तरी या, पण सोबत तुमचे सीए असू द्या. मागची तारीख टाकून पावती आम्ही लिहीत नाही. ‘बाकीचे लिहून देतात’ हे ऐकून आहोत. तो कागद पुढे तुमच्याच हातात राहणार आहे, म्हणून आमचा एवढा आग्रह.

दुसरं म्हणजे, कर्ज घेणाऱ्याचे कागद बँकेचा वकील तपासतो. तुमचे कोण तपासणार? 30 वर्षांचा सर्च (मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध), सातबारा किंवा मिळकत पत्रिका, त्यावरचा बोजा, एनए (बिगरशेती) आदेश हे सगळं सौद्याआधी बघायचं. शेती घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागात आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. तिथे आधी पैसे देणं म्हणजे अडकवणंच. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर, ग्रामीण शेतजमीन सोडून, एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापायचा कर) खरेदी करणाऱ्याने कापून भरायचा असतो.

पुढचं सगळं ठरलेलं आहे: ई-चलन, डेटा एंट्री, दोन साक्षीदार, फोटो-अंगठा, सूची दोन (नोंदणीचा उतारा), मग फेरफार (तुमचं नाव लावणं). ते आम्ही करून देतो. मार्चअखेर मात्र टाळा, 1 एप्रिलला रेडी रेकनर बदलू शकतो म्हणून सगळे तेव्हाच धावतात.

सौद्याआधी कागद दाखवायला आले तर, खरेदीखत आमच्याकडेच होणार असल्यास, त्याची वेगळी फी घेत नाही. येताना विकणाऱ्याच्या सातबाऱ्याची किंवा मिळकत पत्रिकेची ताजी प्रत, त्याच्या खरेदीखताची झेरॉक्स आणि दोघांचे आधार-पॅन घेऊन या.