घरगुती प्राणवायू व्यवस्था (कोकण किनारपट्टी)

फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे ज्यांच्या रक्तात विश्रांती घेतानाही प्राणवायू कमी पडतो, अशा रुग्णांना घरीच तो पुरवण्यासाठी केलेली यंत्र, सिलिंडर आणि वीज यांची मांडणी. बोटाला लावायच्या मापकावर प्राणवायूची पातळी सातत्याने 88 टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर डॉक्टर रक्ताची तपासणी करून दीर्घकालीन प्राणवायू सुरू करतात. तो दिवसातून किमान 15 तास घ्यावा लागतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा व्यवस्थेची खरी परीक्षा घेतात त्या दमट खारी हवा आणि गेलेली वीज.

हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के प्राणवायू असतो. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे या व्यवस्थेतले यंत्र, प्राणवायू तयार करत नाही, तो हवेतला नायट्रोजन बाजूला काढतो. आत झिओलाइट या खनिजाचे दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. दाबाखाली हवा आत गेली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात. एक नळकांडे काम करत असते तेव्हा दुसरे धरलेला नायट्रोजन बाहेर सोडते, म्हणून दर काही सेकंदांनी यंत्रातून फुस्स असा आवाज येतो. नळीतून 90 ते 96 टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो. घरात मिनिटाला 5 लिटर प्राणवायू देणारे, म्हणजे 5 लिटरचे यंत्र नेहमीचे. ‘1 ते 7 लिटर’ असे लिहिलेल्या स्वस्त यंत्रांत प्रवाह वाढवला की शुद्धता झपाट्याने उतरते, ती औषधोपचाराला कामाची नाहीत.

झिओलाइट पाणीही शोषते, आणि नायट्रोजनपेक्षा घट्ट धरते. किनाऱ्यावर ही गोष्ट महागात पडते. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक चाकरमान्यांनी गावी यंत्रे धाडली. (त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने या यंत्रांवरील व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली.) पुढे दोन-तीन पावसाळे पोटमाळ्यावर काढलेले यंत्र बटण दाबताच सुरू होते, आवाजही करते, पण नळीतून निव्वळ हवा येत असण्याची शक्यता असते. शुद्धता मापकाने तपासल्याशिवाय असे यंत्र रुग्णाला लावू नये. वापरात नसलेले यंत्रही अधूनमधून काही तास चालवून ठेवावे.

यंत्राची जागा पडवीत नको, कारण तिथे पावसाची झड येते. चुलीच्या शेजारच्या माजघरातही नको, कारण काजळी आणि धूर गाळणीत अडकतो. खिडकी असलेली खोली, भिंतीपासून फूटभर अंतर आणि मागे कपड्यांची दांडी नाही, एवढे पुरे. बाहेरची गाळणी आठवड्याला धुवायची असते. पावसात ती लवकर वाळत नाही आणि ओली बसवायची नाही, म्हणून दोन गाळण्या लागतात. प्राणवायू ओलसर करणाऱ्या बाटलीतले पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असावे, निदान उकळून गार केलेले, आणि रोज बदललेले.

5 लिटरचे यंत्र साधारण 350 वॉट वीज घेते. घरच्या इन्व्हर्टरला 150 अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ती नवी असताना तीनेक तास पुरते, आणि त्यावर पंखे, टीव्ही चालू असतील तर तेवढीही नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखी सलग लहर देणारा हवा. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या वाडीत स्टॅबिलायझर लागतोच. जनरेटर असेल तर तो खळ्यात, उघड्यावर. पडवीत ठेवल्यास त्याचा विषारी धूर घरात शिरतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले आणि रायगड-दापोलीच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तीन तासांच्या बॅटरीचा अशा वेळी काय उपयोग? म्हणून सिलिंडरचा साठा लागतो. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 2 लिटर या प्रवाहाने तो साडेबारा तास जातो. जंबो म्हणतात त्या डी प्रकारात सुमारे 7000 लिटर, म्हणजे याच प्रवाहाने अडीच दिवसांच्या आतबाहेर. हा साठा रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचवण्यापुरता धरावा, महिनाभर तग धरण्याचा नव्हे.

सिलिंडर उभा, भिंतीला किंवा खांबाला साखळीने बांधलेला हवा. आडवा पडून झडप तुटली तर आतल्या दाबाने तो सुसाट सुटतो. सारवलेल्या ओल्या जमिनीवर बूड गंजते, खाली लादी किंवा रबरी पट्टा घालावा. आणि गंजाचाच पुढचा धोका सर्वांत मोठा आहे. खाऱ्या हवेत कडी, बिजागरी, इंजिन सगळे अडकते आणि अडकलेल्या वस्तूला तेलाचे दोन थेंब सोडायचे हे इथे हाताला सवयीचे असते. प्राणवायूच्या झडपेवर नेमके हेच करायचे नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 150 पट असतो. त्या दाबाच्या प्राणवायूत तेल किंवा ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेते. नारळ सोलून, केसांना खोबरेल लावून आलेल्या हातांनीही चावी फिरवू नये. झडप हलत नसेल तर सिलिंडर पुरवठादाराकडे परत द्यावा. हलत असेल तर सावकाश उघडावी. नळीने नाक कोरडे पडले तर पेट्रोलियम जेली किंवा बाम न चोळता पाण्यावर आधारित जेल वापरावे.

प्राणवायू स्वतः जळत नाही, इतरांना जोरात जाळतो. खोलीच्या हवेत त्याचे प्रमाण 23.5 टक्क्यांवर गेले तरी धोका मानतात. चूल, समई, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी यांच्यापासून यंत्र आणि नळी तीन मीटर तरी लांब हवीत. गणपतीत अडचण येते, कारण आजोबांची खाट ज्या खोलीत तिथेच मखर बसते. त्या दिवसांपुरती खाट हलवणे सर्वांत सोपे. आरतीपुरती नळी काढायला डॉक्टरांची हरकत नसेल तर आधी यंत्र बंद करावे आणि थोडा वेळ जाऊ द्यावा. चालू नळी अंथरुणावर टाकून उठल्यास गोधडीत प्राणवायू मुरतो आणि मग ती ठिणगीने भडकते.

प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवणे हाही अपघातच. फुप्फुसांच्या जुनाट विकारात, विशेषतः सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या आजारात), पातळी बहुधा 88 ते 92 टक्क्यांत राखतात. जास्त दिल्यास कार्बन डायऑक्साइड साचतो. रुग्ण गुंगीत गेला, सकाळी डोके दुखू लागले तर प्रवाह तपासून डॉक्टरांना कळवावे.

घरात प्राणवायू तयार करून सिलिंडरमध्ये भरण्याच्या कल्पना अधूनमधून निघतात. साध्या कॉम्प्रेसरच्या आत वंगणाचे तेल असते, त्यामुळे दाबाखालच्या प्राणवायूत तेल पेटण्याचा वर सांगितलेलाच धोका. मिठाच्या पाण्यात वीज सोडली तर क्लोरीन निघतो. सिलिंडर भरायला गॅस सिलिंडर नियम, 2016 खाली नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना लागतो, तेव्हा भरून घ्यायचे ते परवानाधारकाकडूनच. वैद्यकीय प्राणवायूचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा असतो. शेवटच्या दाब-चाचणीची तारीख धातूवर ठोकलेली असते. ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल, किंवा बुडाशी गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर रंग मारून तो घरात ठेवू नये, बदलून घ्यावा.